एक प्यादे राखून

भोरच्या स्टँडवर मी पहिल्यांदा उतरले, त्या सकाळी धुके इतके दाट होते की गाड्यांचे नुसते लाल डाग दिसत होते आणि फलाट ओल्या डिझेलच्या वासावरून ओळखावा लागत होता. त्या पांढऱ्या पोकळीतून एक आवाज आला. "महाड. वरंधमार्गे महाड. गाडी सुटतेय. ज्यांना जायाचंय त्यांनी बसून घ्यावं. ज्यांना न्हाई त्यांनी खाली उतरून हात करावा." कर्ण्यातले आवाज बहुधा खरवडल्यासारखे असतात. हा मात्र फडक्यातून गाळून घेतलेल्या ताकासारखा होता, सावकाश, किंचित आंबूस, एकही गुठळी नसलेला. माणसाआधी त्याचा आवाज भेटला. पुढे त्या माणसाची दृष्टी विझत गेली आणि आवाज तसाच उरला, म्हणून असेल, त्यांची आठवण मला अजूनही कानांच्या वाटेनेच येते.

कॉलेजात मराठी शिकवायला म्हणून मी त्या गावी आले होते. वाट विचारायला चौकशीच्या खिडकीशी गेले. जाळीमागे खाकी शर्टातले एक गृहस्थ बसलेले. समोर गाड्यांच्या वेळांची वही आणि वहीवर बुद्धिबळाचा पट. डाव मध्यावर आलेला, खेळणारा एकटाच.

"कॉलेज कुठं आहे?"

"सरळ जावा. पूल लागला तर समजा चुकलात." मान वर झाली नाही.

मी विद्यापीठाकडून खेळलेली, पुढे वर्षानुवर्षे स्पर्धांतून हिंडलेली. पट दिसला की माझे डोळे मला न विचारता त्यात उतरतात. मी म्हणाले, "काळ्याचा उंट जातोय."

आता मान वर झाली. तपकिरीचा तिखट वास जाळीतून बाहेर आला. "जाऊ द्या की," ते म्हणाले. "काळा महाडचा हाय. त्याचा उंट त्याला कळायला नको व्हय?"

तो डाव खरोखरच महाडचा होता. महाडला कोर्टातून निवृत्त झालेले एक कारकून राहत. कुठल्याशा स्पर्धेत या दोघांची गाठ पडली होती. तेव्हापासून सकाळच्या गाडीच्या ड्रायव्हरच्या खिशातून इकडची चाल चिठ्ठीवर घाट उतरून जायची आणि संध्याकाळी तिकडची चाल घाट चढून यायची. दिवसाला एक. एक डाव महिना-दीड महिना चाले. फोन होते, मोबाईलही होते, पण दोघांनाही चाल घाटाच्या वळणांतून जाणे आवडे. पावसाळ्यात दरड आली की रस्ता बंद, आणि रस्त्याबरोबर डावही. पट वहीवर तसाच मांडलेला राही, सोंगट्यांवर दमट हवेची बारीक बुरशी धरे, आणि कोणी विचारले तर ते म्हणत, "घाट बंद." हळूहळू हे दोन शब्द त्यांच्या संसारातही उतरले. कोणावर रागावले, कोणाशी बोलायचे नसले, की त्यांचे उत्तर तेवढेच असे.

स्टँडवर त्यांना सगळे कंट्रोलर म्हणत. मी आण्णा म्हणू लागले. ते मला शेवटपर्यंत बाई म्हणत राहिले.

आण्णा घड्याळ वापरत नसत. गाड्या सोडणाऱ्या माणसाने घड्याळ न बांधणे हा स्टँडवर थट्टेचा विषय होता. पण कोणी ड्रायव्हरने मुद्दाम विचारले, "कंट्रोलर, किती झाले?" तर ते डोळे मिटून क्षणभर थांबत, जणू आत कुठे पाणी ठिबकत होते आणि त्याचे थेंब मोजायचे होते, आणि मग मिनिटासकट वेळ सांगत. चूक झालेली मी पाहिली नाही. "तीस वरीस गाड्या सोडल्या," ते म्हणत, "आता गाडी माझ्या अंगातनं सुटते."

बुद्धिबळही त्यांना स्टँडच्या भाषेतच दिसे. घोडा बाहेर काढला की "लागली गाडी." समोरच्याने उंटाची वाट अडवली की "फलाट मोकळा करा, बाई." डाव हातातून जातो आहे हे कळले की बशीत चहा ओतून, त्यावर फुंकर न घालता, नुसते त्याच्या वाफेकडे बघत बसत. समोरच्याची चाल झाल्याशिवाय तो चहा पीत नसत, मग त्यावर साय धरो. जिल्ह्यातल्या किती स्पर्धांना आम्ही एकाच गाडीने गेलो. खिडकीशी ते, शेजारी मी. आण्णांच्या उत्रोली गावच्या खाचरांत भात फुलोऱ्याला आलेला असला की तो गोडसर, दुधाळ वास गाडीत शिरे, आणि आण्णा बोलता बोलता थांबून तो वास निघून जाईपर्यंत गप्प राहत. वास गेला की तुटलेले वाक्य जिथे सोडले होते तिथूनच पुढे.

खेळायला ते भक्कम होते. इतके, की त्यांना हरवून मी कधी आनंदाने घरी आले नाही, थकूनच आले. तरी पहिला नंबर त्यांना कधी मिळाला नाही. उत्रोलीच्या घरी दुसऱ्या नंबरच्या ढालींची रांग होती, आणि ती मावशींनी, म्हणजे त्यांच्या पत्नींनी, संसाराला लावली होती. एक ढाल खिडकीचे दार आपटू नये म्हणून टेकवलेली, एक लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून, एक चुलीमागे.

"पयला लंबर आणला तर देव्हाऱ्यात ठेवीन," मावशी म्हणायच्या. "दुसरे लई झाले. आता बरण्या संपल्या माझ्या."

"आणतो की."

"आणा. आमी काय, हितंच हाय."

आण्णांचे बुद्धिबळ कुठून आले, हे त्यांनी मला एकदा नसरापूरहून परतताना सांगितले. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या खांद्यावर त्यांची वाडी. शेळ्या राखताना थोरल्या चुलत्यांनी एका सपाट कातळावर कोळशाने घरे आखली होती. प्यादी म्हणून हिरडे. राजा म्हणजे फुटके घुंगरू, वारा आला की आपोआप वाजणारे. "माझा राजा भिला की वाजायचा," आण्णा म्हणाले. त्या कातळावरचा खेळ जुन्या रिवाजाचा होता. त्या रिवाजातला एक नियम पुढे त्यांच्या आयुष्याला पुरला. समोरच्याच्या सगळ्या सोंगट्या मारल्या आणि त्याचा राजा एकटा उरला, तर तो डाव जिंकला असे धरत नसत. त्याला बुर्जी म्हणत, अर्धा डाव. पुरे जिंकायचे असेल तर समोरच्याकडे निदान एक प्यादे राखून त्याच्या राजाला मात द्यायची.

"चुलतं म्हणायचं, उघड्या माणसाला काय मारायचं," आण्णा म्हणाले. "त्याच्याकडं एक तरी असू दे. मग हरव."

आजच्या स्पर्धांत हा नियम नाही, हे त्यांना माझ्याइतकेच ठाऊक होते. तरी डाव त्यांच्या बाजूने पुरता झुकला, माझे एकच प्यादे उरले आणि ते फुकट मिळत असले, की त्यांचा हात तिकडे निघे आणि सोंगटीपासून बोटभर अंतरावर थबके. फुलपाखरू फुलावर बसण्याआधी थबकते तसा. मग हात परत येई.

"आण्णा, मारा की ते," मी म्हणायची.

"डोक्याला म्हाईत हाय, बाई. हाताला न्हाई."

ते निवृत्त झाले त्याच्या आसपास त्यांना काचबिंदू असल्याचे कळले. दृष्टी कडांकडून आत मिटत येत होती. पट पूर्वी एका नजरेत मावायचा, तो आता चार-चार घरांच्या तुकड्यांनी दिसे. खेळताना त्यांची मान सावकाश हलू लागली, जुन्या पोथीच्या ओळीवरून फिरावी तशी, आणि प्रत्येक तुकडा मनात नेऊन ते तिथे पट जोडत. पुण्याचे डॉक्टर म्हणाले होते, आहे ते टिकवू, गेलेले येणार नाही. आण्णांनी ते मला सांगितले तेही सुटणाऱ्या गाडीची सूचना द्यावी तसे, शांतपणे, गावाचे नाव नीट उच्चारून.

बातमी ड्रायव्हरच्या तोंडून घाट उतरली. पुढच्या आठवड्यात महाडहून जी चाल आली, तिच्यात कारकुनांनी आपला वजीर आण्णांच्या हत्तीसमोर ठेवला होता. उघडा. फुकट. तीस वर्षे कोर्टाचे कागद तपासलेल्या माणसाच्या हातून अशी चूक व्हायची नव्हती.

आण्णांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ नेऊन वाचली. मग दुमडून टोपीत ठेवली.

"मारणार?" मी विचारले.

"कशाला? हे वजीर न्हाई, भिकंतलं हाय." ते म्हणाले. "माझं डोळं चाललंय म्हणून ह्यानं मला वजीर वाढला. उद्या राजा वाढंल."

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरने चाल मागितली तेव्हा ते म्हणाले, "घाट बंद." बाहेर लख्ख ऊन होते आणि महाडच्या तीन गाड्या त्या दिवशी गेल्या-आल्या. त्यानंतर मात्र महाडला एकही चाल गेली नाही. उघडा वजीर हत्तीसमोर, हत्ती जागेवर. तो पट मावशींनी तसाच उचलून फळीवर ठेवला.

हे सगळे मला माहीत होते. म्हणूनच पुढचे जे घडले त्याला माझ्याकडे सबब नाही.

भाते झोडून झाली, खळ्यांवर पेंढ्याच्या गंजी उभ्या राहिल्या, त्या दिवसांत भोरला दोन दिवसांची स्पर्धा असते. नदीकाठच्या मंगल कार्यालयात. आदल्या लग्नाचा निशिगंध खुर्च्यांच्या कापडात अजून रेंगाळत होता, आणि खिडक्यांतून नीरेचा गार, शेवाळी वास येत होता. शेवटच्या फेरीत आण्णा आणि मी समोरासमोर आलो. दोघांचे गुण सारखे. जिंकेल तो पहिला.

फेरीआधी त्यांनी मला नळाजवळ बोलावले.

"बाई, पुढल्या वर्षी मला पट दिसायचा न्हाई," ते म्हणाले. "म्हणजे हे शेवटचं. एक काम सांगतो. त्या नव्या घड्याळावरचं आकडं मला लागत न्हाईत. राखाडीवर राखाडी. माझा वेळ तुमी बघा."

"पंचांना सांगू या का? ते मदतीला माणूस देतात."

"देतील. शेजारी खुर्ची टाकून बसवतील. मग डाव तिघांचा व्हईल." त्यांनी चेहऱ्यावर पाणी मारले. "मी किती म्हणून इचारलं की सांगायचं. जे हाय ते. कमी न्हाई, जास्त न्हाई."

"समोर मी खेळतेय, आण्णा. माझ्यावर सोपवताय?"

"मग काय न खेळणाऱ्यावर सोपवू?"

मी हो म्हटले.

प्रत्येकाला एक तास, जादा सेकंद नाहीत. पांढरी त्यांच्याकडे. पहिल्या चाली आम्ही दोघांनी ओळखीच्या रस्त्याने जावे तशा केल्या. मग मी वळण घेतले, एक घोडा देऊन त्यांच्या राजाभोवतीच्या प्याद्यांना खिंडार पाडले. मी जिंकायला खेळत होते. हे मला सांगून ठेवायचे आहे, कारण नंतर जे झाले त्याने याच्यावर सावली पडते. आण्णांची मान सावकाश फिरत राहिली. एकेक तुकडा उचलून ते कुठे आत नेत होते आणि तिथे, त्यांच्या अंधारात, पट माझ्यापेक्षा लख्ख उजळलेला असावा. माझा हल्ला त्यांनी एकेक सोंगटी बदलून विझवला. सभागृहातले पंखे, खुर्च्यांची कुरकुर, पलीकडच्या पटांवरचे खोकले, हे सगळे पाण्याखालून ऐकू यावे तसे दूर गेले. उरली फक्त चौसष्ट घरे आणि त्यांच्यावरून चालणारी ती दोन वाळकी, तपकिरीने पिवळी झालेली बोटे.

"किती?"

"सतरा मिनिटं."

थोड्या वेळाने, "किती?"

"चार."

त्यांचे शेवटचे प्यादे वजीर व्हायला निघाले. त्याला अडवायला मला माझा हत्ती द्यावा लागला. आता त्यांच्याकडे राजा आणि हत्ती, माझ्याकडे राजा आणि डाव्या कडेला, घरट्यातून न हललेले एक प्यादे. डाव संपलेला होता. ते प्यादे त्यांच्या हत्तीला फुकट मिळत होते.

त्यांचा हात निघाला. बोटभर अंतरावर थबकला. मारा, मी मनात म्हणाले, आज तरी मारा. कारण नियम असा आहे: आपला वेळ संपला आणि समोरच्याकडे नुसता राजा असला, तर डाव बरोबरीत सुटतो. समोरच्याकडे एक प्यादे जरी उरले असले, तर डाव त्याचा. ते प्यादे मारले असते तर वेळ संपूनही पहिला नंबर आम्हा दोघांत वाटला गेला असता.

हात परत आला. त्यांनी प्यादे राखले आणि हत्तीने माझ्या राजाची वाट कापली.

"किती?"

"एक मिनिट दहा सेकंद."

मग ते वेगाने खेळले. राजा पुढे, हत्ती आडवा, राजा पुढे. माझा राजा काठाला लागला. मी प्यादे एकेक घर सरकवत होते. ते अजून फार लांब होते, कुठेही पोहोचणार नव्हते. आणखी दोन चाली आणि मात. मी घड्याळाकडे पाहिले. त्यांच्या बाजूला शून्य होते. पंच पलीकडे कोणी सोंगटीला हात लावला की नाही या भांडणात वाकलेले. त्या सभागृहात ते शून्य फक्त मला दिसत होते. कोणाच्या ध्यानात येण्याआधी मात झाली तर मात खरी धरली जाते.

त्यांनी हत्ती उचलला, हवेतच धरला.

"किती, बाई?"

निशिगंधाचा वास एकाएकी फार गोड झाला. मी देव्हारा पाहिला, मावशींचे हात पाहिले, ढाल ठेवायला जागा करणारे.

"आहे," मी म्हणाले. "चाला तुम्ही."

हत्ती हवेतच राहिला. त्यांनी डोळे मिटले, स्टँडवर मिटत तसे. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. घड्याळाने तर मोजणे सोडले होते. मग त्यांनी हत्ती होता त्या घरी ठेवला, हात चाचपत घड्याळापर्यंत नेला आणि ते थांबवले. उठून उभे राहिले. जो आवाज मी पहिल्या सकाळी धुक्यातून ऐकला होता त्या आवाजात त्यांनी अख्ख्या सभागृहाला सांगितले, "पांढऱ्याचा वेळ संपला. बाईंकडं प्यादं हाय. डाव बाईंचा."

पंच धावत आले, घड्याळ पाहिले, प्यादे पाहिले, मान डोलावली. आण्णांनी रिवाजाप्रमाणे माझा हात हातात घेतला. त्यांचा तळवा कोरडा आणि गरम होता.

"आण्णा, मी..."

"घाट बंद, बाई," ते हळूच म्हणाले.

पहिल्या नंबरची ढाल माझ्या घरी आली. मी ती भिंतीकडे तोंड करून ठेवली. आंब्याचा मोहर गळला, कैऱ्या धरल्या, वळवाचे ढग येऊन गेले. उत्रोलीला मी दोनदा गेले. दोन्ही वेळा मावशींनी दारात चहा दिला, आत खाटेवर आण्णा भिंतीकडे वळून निजलेले. "जागं हायती," मावशी ओठांनी नुसते सांगायच्या. पाऊस सुरू झाला. खरोखरचा घाटही दरडीने बंद झाला, यंत्रे लागली, तो खुलाही झाला. स्टँडवर आता नवा कंट्रोलर होता आणि त्याचा आवाज कर्ण्यातल्या इतर आवाजांसारखा होता.

भात फुलोऱ्याला आला होता तेव्हा एके दिवशी महाडच्या गाडीच्या ड्रायव्हरने मला स्टँडवर हाक मारली.

"बाई, कंट्रोलरचा निरोप हाय. घाट चालू झालाय म्हणं." त्याने डोके खाजवले. "मी म्हणलं, आण्णा, घाट तर कवाचा चालू हाय, मी रोज जातोय. तर मलाच म्हणले, तुला काय कळतंय."

मी त्याच पावली उत्रोलीला गेले. ओटीवर आण्णा बसलेले. डोळे उघडे, पण त्यांतला माणूस आत निघून गेला होता. समोर दुसरा, जुना पट. काळ्या सोंगट्यांच्या डोक्यांवर सुरीने खाच पाडलेली, बोटांना कळावी म्हणून. हरवलेल्या प्याद्यांच्या जागी हिरडे. शेजारी कुठल्याशा जुन्या क्लबातून आणलेले दोन तोंडांचे चावीचे घड्याळ, वेळ संपली की लाल झेंडी पडणारे.

"बसा," ते म्हणाले. "वेळ तुमीच बघायचा."

मी पटासमोर बसले. मावशी सूप घेऊन उंबऱ्यात आल्या.

"म्याच बोलले ह्यास्नी," त्या म्हणाल्या. "आठ-नऊ महिनं झालं, रोज तेच. बाई खोटं बोलल्या, बाई खोटं बोलल्या. म्हणलं, तुमी समोरच्याचं प्यादं ठेवता तो रिवाज, आन् बाईंनी तुमच्यासाठी दोन घडी ठेवल्या तर पाप व्हय? मग गप झालं. दोन दिस जेवताना बी गप."

"तू आत जा," आण्णा म्हणाले.

"जाते. भात हाय चुलीवर. त्यो ह्यांच्या राजावानी न्हाई, हलवावा लागतो."

त्या गेल्यावर आण्णा काही वेळ हिरड्यावरून अंगठा फिरवत राहिले. "तरी बी, बाई," ते म्हणाले, "चुलतं प्यादं ठेवायचं, पण बोलून दाखवायचं. हे तुला ठेवलंय म्हणून. लपवून ठेवलं की भीक व्हती."

"मी सांगायला हवं होतं."

"व्हय."

आम्ही खेळलो. खाचरांवरून येणारा वारा थांबत थांबत येत होता, त्यात कोवळ्या लोंब्यांचा तो दुधाळ वास, आणि वास आला की आण्णांचा हात पटावर तसाच थांबे, मग पुढे. मी प्रत्येक चाल मोठ्याने सांगत होते, ते बोटांनी तपासत होते. मी काही राखून खेळले नाही. तरी दुपार कलेपर्यंत माझ्याकडे राजा आणि एक हिरडा उरला, त्यांच्याकडे हत्ती आणि घोडा. त्यांची बोटे पटावरून सरपटत आली, हिरड्याला चाटून थांबली, त्याच्यावरून वळून गेली.

"हे तुमचं ठेवलंय, बाई," ते म्हणाले.

"कळलं, आण्णा."

मात तीन चालींवर होती. घड्याळाची टिकटिक मला ऐकू येत होती, त्यांनाही येत असणार. झेंडी वर उचलली गेली, थरथरली आणि पडली. पडताना तिचा नखाएवढा आवाज झाला.

"किती?"

"संपला," मी म्हणाले. "वेळ संपला, आण्णा. डाव माझा."

त्यांनी डोळे मिटले, आतले थेंब मोजले आणि मान हलवली. "बरोबर," ते म्हणाले.

"हरलं व्हय?" आतून मावशी.

"हरलो."

"मग असं हासताय काय?"

ते माझ्याकडे वळले. मला म्हणाले, "कागद हाय का? ल्ह्या. वजीर उचलून परत जागेवर ठेवा. डाव तिथनं पुढं. चिठ्ठी पोचली की चाल पाठवा."

ती चिठ्ठी दुसऱ्या सकाळी मीच ड्रायव्हरच्या खिशात ठेवली. महाडचे ते गृहस्थ उत्तर देतील की नाही, त्यांनाही रुसण्याचा अधिकार होता, या विचारात माझा दिवस गेला. संध्याकाळची गाडी आली. खिशातून घामाने ओलसर झालेला कागद निघाला. मी तो तसाच उत्रोलीला नेला. मावशींनी फळीवरचा पट खाली काढला, पदराने सोंगट्यांवरची वर्षभराची धूळ पुसली. मी वजीर परत त्याच्या घरी ठेवला आणि चिठ्ठी वाचली. एकच चाल होती. बाकी ना खुशाली, ना क्षमा. घोड्याची चाल, आणि ती आण्णांच्या राजाच्या अगदी नरड्याशी येत होती.

आण्णांनी पटावर बोटे फिरवली. घोडा सापडला. तिथून राजापर्यंतची घरे त्यांनी बोटाने मोजली, पुन्हा मोजली. मग पाठीमागे खांबाला टेकले. वारा पडला होता, खाचरांतले पाणी सोनेरी होऊन थांबले होते.

"अगं," त्यांनी आत हाक मारली, "चहा टाक. महाडवाल्यानं मला मारायला काढलंय."